शेजारची सीट

हेल्मेट काढायच्या आधीच रेनाटा कुलासला कळून चुकलं, की समोरचा हा माणूस काहीतरी वाईट बातमी देणार. नाहीतर अनोळखी माणूस उगाच कशाला इतकं गोड हसेल?

जुलैचं रणरणतं ऊन होतं. शर्यत नुकतीच संपली होती, रेनाटा दुसरी आली होती, आणि ट्रॅकवरून थेट वजनकाट्यावर येऊन थांबली होती. विस्कॉन्सिनमधल्या त्या छोट्या क्लबाचा नियमच तसा. शर्यत झाली की गाडीचं वजन करायचं, चालवणाऱ्यासकट. ठरल्यापेक्षा कमी भरलात की बाद. आणि आकडा वाचून होईपर्यंत तुम्हाला कुणी काही द्यायचं नाही, अगदी पाण्याचा घोटसुद्धा. घोटालाही वजन असतंच ना!

तो माणूस मात्र हातात थंडगार पाण्याची बाटली घेऊन उभा होता. बाटलीवरून थेंब ओघळत होते, आणि रेनाटाची नजर काही केल्या त्या थेंबांवरून हलेना.

"दीड पौंड," तो म्हणाला.

"जास्त?"

"कमी."

"काय!"

"कमी आहे हो. मी दोनदा बघितलं..."

"तिसऱ्यांदा बघा."

त्याने तिसऱ्यांदा बघितलं. बिचाऱ्याने चौथ्यांदाही बघितलं. काटा काही ऐकेना.

"अहो, दीड पौंड म्हणजे किती? चीजचा एक तुकडा!"

"तसा बराच मोठा तुकडा," तो म्हणाला, आणि मग हळूच विचारलं, "शर्यतीआधी पाणी प्यायला होतात?"

"नाही."

"मग हे दीड पौंड घामात गेले. गाडीचं काही चुकलं नाही... तुम्हीच जरा कमी पडलात."

रेनाटाने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. आजवर "जरा जास्तच आहेस बाई तू" म्हणणारे तिला पैशाला पासरी भेटले होते. कमी पडलीस म्हणणारा हा पहिलाच. आपण काय बोलून बसलो हे त्याच्याही ध्यानात आलं असावं, कारण त्याचे कान लालबुंद झाले. त्याने घाईघाईने बाटली पुढे केली.

"आता देता येते. वजन झालं."

ती बाटली त्याच्याच डोक्यात घालावी असं तिला वाटलं. पण घसा इतका कोरडा पडला होता, की तिने एका दमात ती रिकामी केली.

"नाव काय तुमचं? शिव्या घालताना लागेल."

"एमेट. एमेट टेनपास," तो म्हणाला. "शिव्यांना एमेट पुरेल."

आता या बाईसाहेबांबद्दल थोडं सांगायला हवं. रेनाटा आठवडाभर शाळेची पिवळी बस चालवायची, पन्नास सीटांचं अवजड धूड. आणि रविवारी चालवायची ही लाल, बिनछपराची, दोन सीटांची जुनी गाडी. दोन सीटांची म्हणजे मूळची. आता एकच उरली होती. दुसरीवर पूर्वी कर्ट बसायचा. कर्टशी तिचं लग्न ठरलं होतं. शेजारी बसला, की वळण दिसायच्या आधीच स्वारी ओरडायची, "ब्रेक! अगं, ब्रेक!" ते ऐकून ऐकून रेनाटा खरोखरच हळू चालवायला लागली होती... आणि एक दिवस "तुझ्याबरोबर जीव मुठीत धरून जगता येत नाही" असं सांगून कर्ट ॲरिझोनाला निघून गेला.

त्याच संध्याकाळी तिने पाना घेतला आणि ती सीट गाडीतून उपटून काढली. तीस पौंड एका झटक्यात कमी! दुसऱ्या दिवशी गाडी अशी काही पळाली म्हणता, की तिला नादच लागला. रेडिओ गेला, हीटर गेला, गालिचा गेला, दारांची अस्तरं गेली. "जे मला पुढे नेत नाही, ते बाहेर," असं ती ठणकावून सांगायची. हे ती फक्त गाडीबद्दल म्हणत नव्हती, हे तिच्या बाबांना बरोबर कळत होतं.

बाबा म्हणजे स्टॅन कुलास. गुडघ्यांनी दगा दिलेला, जिभेने नाही. गाडीतून निघालेलं सगळं सामान त्यांच्या ओसरीवर येऊन पडायचं. तो गालिचा अंथरून, ती सीट दोन ओंडक्यांवर बसवून, तोच रेडिओ लावून ते बेसबॉल ऐकत बसायचे. "एवढी झकास खुर्ची," ते म्हणायचे, "गाडीत नुसती वाया जात होती."

तर, त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ट्रॅकवर नेहमीसारखी 'घरच्यांची फेरी' सुरू झाली. त्या अर्ध्या तासात शर्यतवाले आपापल्या बायकांना, नवऱ्यांना, आज्यांना शेजारी बसवून एक चक्कर मारून आणायचे. हसणं, ओरडणं, टोप्या उडणं, नुसता गोंधळ. रेनाटा त्या वेळी बाबांशेजारी घडीच्या खुर्चीत बसून सॉसेज खायची.

तेवढ्यात एमेट आला. हातात कागदाचा द्रोण, त्यात तळलेल्या चीजच्या गरमागरम गोळ्या.

"दीड पौंड आहे," तो म्हणाला. "मोजून आणलंय. तुमचं तुम्हाला परत."

बाबांना ठसका लागला. रेनाटाला हसायचं नव्हतं, अजिबात नव्हतं. पण ओठांनी ऐकलं नाही.

"इतकं अचूक मोजून कोण आणतं?"

"मी जिल्ह्याचा वजनमापं तपासनीस आहे. दुकानांतले काटे, पेट्रोल पंप... आठवडाभर हेच." त्याने गाडीकडे नजर टाकली. "तुम्ही नाही गेलात फेरीला?"

"गाडीत जागा नाही."

त्याने वाकून आत पाहिलं. "हं... एकाचीच आहे."

"मुद्दामच."

"एक सांगू? रागावणार नसाल तर."

"रागावलेलीच आहे. सांगा."

"आणखी काढा."

"काय?" कमी भरली म्हणून बाद करणारा माणूस आणखी काढा म्हणतोय! याला ऊन तर लागलं नाही ना?

"खाली पत्र्याला आवाज दाबायचे डांबराचे थर आहेत, तेही काढा. सगळं नको ते काढा. आणि मग लोखंडी थाळ्या आणून अगदी तळाशी बोल्टने आवळा, नियमात बसेल इतकं वजन होईपर्यंत. वजन तेवढंच, पण खाली. वळणावर गाडी जमीन सोडणार नाही." तो बोलता बोलता तिच्या समोर उकिडवाच बसला होता. "काढायचं कशासाठी? हवं ते हवं तिथे ठेवता यावं म्हणून."

तो गेल्यावर बाबांनी द्रोणातली शेवटची गोळी तोंडात टाकली. "पोरगा बरा आहे. बाद करतो, पण पाणी देतो."

"बाबा!"

"मी काही म्हटलं का?"

बुधवारी संध्याकाळी एमेट खोकंभर सुका बर्फ घेऊन तिच्या गॅरेजच्या दारात हजर. डांबर काढायची हीच रीत: त्यावर सुका बर्फ पसरायचा, ते गारठून कडक झालं की हातोडीने टिचक्या मारायच्या, की खापऱ्या सुटून येतात. रेनाटा आपल्या सीटवर बसली. एमेट शेजारी, सीट होती तिथे, उघड्या पत्र्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसला. बर्फाचा पांढरा धूर दोघांच्या पायांवरून वाहत दाराबाहेर जाऊ लागला.

"किती वेळ थांबायचं?"

"दहाएक मिनिटं."

"तोवर काय करायचं?"

"बोलायचं..."

"मला नुसतं बोलता येत नाही. हातात काहीतरी लागतं."

त्याने हातोडी तिच्या हातात दिली. "घे. फक्त मला मारू नकोस."

अहो-जाहो कधी गळून पडलं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. तो सांगत होता, एका खाटकाने काट्याखाली लपवलेलं चुंबक त्याने कसं शोधलं. ती सांगत होती, बसमधली पोरं तिला आरशातून वाकुल्या कशी दाखवतात आणि ती उलट कशी दाखवते. आणि मग तिने हातोडी मारली. खट्... आणि हातभर डांबर एका दणक्यात निखळून पडलं. ती इतक्या मोठ्याने हसली, की ओसरीवर बाबांनी रेडिओचा आवाज कमी केला.

एमेट डांबराकडे बघतच नव्हता.

"काय बघतोस?"

"काही नाही."

"काट्यावरचा आकडा बघावा तसा बघतोयस. किती भरले मी?"

"माहीत नाही." त्याचे कान पुन्हा लाल. "आकडा स्थिरच होत नाहीये..."

रेनाटाने पटकन मान खाली घातली आणि जिथे डांबर नव्हतंच तिथे हातोडी मारली.

बुधवारामागून बुधवार गेले. ऑगस्टच्या शर्यतीत ती लाल गाडी वळणांवर अशी चिकटून गेली, की रेनाटा चक्क पहिली आली. काट्यावर एमेटने आकडा वाचला. चार पौंड जास्त. पास! त्याने बाटली पुढे केली, तिने ती घेतली, आणि बाटलीवरची बोटं दोघांनीही जरा उशिराच सोडवली.

मग ती हात धुवायला तंबूमागे गेली, आणि पलीकडून ब्रॉकचा आवाज आला. ब्रॉक हॅगेडॉर्न, वर्षाच्या चषकासाठी तिच्याशी बरोबरीने झुंजणारा.

"बुधवारी तिच्या घरी हातोडी, रविवारी इथे काटा," तो कुणाला तरी हसत सांगत होता. "माझ्याकडेही पाठवा रे त्याला. माझीही गाडी बरोबर भरेल."

दोघंतिघं खो खो हसले. रेनाटाच्या अंगाची लाही लाही झाली. या मैदानावर तिने एकेक जागा स्वतःच्या हिमतीवर कमावली होती. कुणाच्या मेहेरबानीने नव्हे.

एमेट चाकांखालच्या काट्याच्या पाट्या आवरत होता. ती सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"बुधवारी येऊ नकोस."

"का गं?"

"लोक बोलतायत. तू माझं वजन वाचतोस, आणि..."

"काटा खरा आहे, रेनाटा."

"मला माहीत आहे! त्यांना नाही ना. मी जिंकले तर ती माझीच जीत असायला हवी. तुझ्यामुळे मिळाली असं कुणी म्हणता कामा नये."

"मग मी काय करू?"

"काही नको करूस. मी... मी एकटीच बरी आहे."

त्याने हातातली पाटी दुसऱ्या पाटीवर ठेवली. भांडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं. पण तो फक्त म्हणाला, "पाणी पीत जा शर्यतीआधी," आणि पाट्या उचलून निघून गेला.

शाळा सुरू झाल्या. रेनाटा पन्नास सीटांची बस भरून पोरं सकाळी शाळेत सोडायची आणि रिकामी घेऊन परत यायची. बुधवारी ओसरीवरून बाबांची हाक यायची, "आज बुधवार!" आणि ती आतून खेकसायची, "माहीत आहे मला!" गाडी सुरेख झाली होती. उरलासुरला डांबराचा कणही निघाला होता, थाळ्या तळाशी घट्ट बसल्या होत्या. मग गॅरेजमध्ये मन का लागत नव्हतं? तो गुडघे पोटाशी घेऊन बसायचा त्या उघड्या पत्र्याकडे तिची नजर पुन्हा पुन्हा जायची. तिला त्याची आठवण येत होती. इतकी साधी गोष्ट; पण स्वतःशी कबूल करताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

शेवटच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी ती ओसरीवर येऊन बाबांच्या पायाशी बसली.

"चषक उद्या ठरणार," ती म्हणाली.

"हं."

"मी त्याला काढून टाकलं, बाबा. कर्टच्या सीटसारखं."

बाबांनी रेडिओ बंद केला. सामना ऐन रंगात असताना त्यांनी रेडिओ बंद करणं ही साधीसुधी गोष्ट नव्हती.

"ती सीट कर्टची कधी होती गं?" ते म्हणाले. "सीट तर गाडीची होती. चुकीचा माणूस बसला, यात सीटचा काय दोष?"

रेनाटाने त्या सीटकडे पाहिलं. मग एकदम उठली.

"उठा बाबा."

"का?"

"खुर्ची हवीय."

त्या दुखऱ्या गुडघ्यांचा माणूस असा टुणकन उठला, की ती बघतच राहिली. "सुटलो एकदाचा! कंबर मोडली माझी त्या भिकार खुर्चीत."

"लोक बोलतील, बाबा."

"तुला झेपेल?"

"लोकांचं बोलणं झेपेल," ती सीट खांद्यावर घेत म्हणाली. "हे असं राहणं नाही झेपत."

तिने तीस पौंडांच्या थाळ्या काढल्या आणि त्यांच्या जागी सीट बसवली, पट्ट्यांसकट. सीट उंच, म्हणजे वजन वर गेलं, म्हणजे वळणावर गाडी थोडी डुलणार. उद्या चषक पणाला, आणि ही बया आपल्याच हाताने गाडी बिघडवत होती! तिला सगळं कळत होतं. तरी तिने शेवटचा बोल्ट नीट आवळला.

सकाळी ट्रॅकवर पोचल्याबरोबर तिने काट्याकडे पाहिलं. तिथे एमेट नव्हता. क्लबच्या प्रमुख लिंडक्विस्टबाई डोळ्यांवर चष्मा सरकवत काटा पुसत होत्या. रेनाटाने पुन्हा चहूकडे पाहिलं. माझ्यामुळे आला नाही... माझ्यामुळे सोडलं त्याने सगळं.

पण गाड्या हळूहळू ट्रॅकवर निघाल्या, तेव्हा पाचव्या वळणावर धोक्याचा पिवळा झेंडा हातात घेऊन कोण उभं होतं? तोच. रेनाटा त्याच्यासमोरून गेली. आधी त्याने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या शेजारी पाहिलं... आणि त्याच्या हातातला झेंडा खालीच पडला.

शर्यत मात्र चुरशीची झाली. शेवटच्या फेरीपर्यंत ती आणि ब्रॉक एकमेकांना खेटून होते. शेवटच्या वळणावर लाल गाडी किंचित डुलली, तेवढंच ब्रॉकला पुरलं. एका गाडीच्या लांबीने चषक गेला.

काट्यावर ब्रॉकची गाडी आधी चढली, बरोबर भरली. मग रेनाटाची.

"एमेट इथे का नाही?" तिने आकड्याचीही वाट बघितली नाही.

लिंडक्विस्टबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "त्याने काटा सोडला. गेल्या महिन्यातच. जिच्यात आपला जीव गुंतलाय तिचं वजन आपण वाचणं बरोबर नाही, असं म्हणाला. मी म्हटलं, मुला, नुसती मैत्री असेल तर चालतं की. तर म्हणे, मैत्री नाही, प्रेम आहे, आणि क्लबात ज्याला ऐकायचंय त्याला खुशाल सांगा." त्यांनी काट्याकडे मान वळवली. "पाच पौंड जास्त. पास आहेस."

ब्रॉक तिथेच उभा होता. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं.

"मी मागे जे बोललो ना... ते मूर्खपणाचं होतं," तो पुटपुटला. मग लाल गाडीत डोकावला. "ती सीट नसती तर आज तू मला धूळ चारली असतीस. कशाला बसवलीस?"

रेनाटाला उत्तर द्यायला वेळ नव्हता. पाचव्या वळणाकडून एमेट धापा टाकत येत होता, खिशात झेंडा, हातात पाण्याची बाटली. काट्यापाशी येऊन तो थबकला. बाटली तशीच छातीशी धरून.

"वजन झालं?" त्याने लिंडक्विस्टबाईंना विचारलं.

"झालं रे बाबा, झालं! दे तिला पाणी."

त्याने बाटली दिली. तिने ती घेतली, आणि त्याचा हातही सोडला नाही.

"यांना जे सांगितलंस," ती म्हणाली, "ते मला कधी सांगणार होतास?"

"आकडा स्थिर झाल्यावर..."

"मग? झाला?"

"केव्हाच झालाय."

"माझाही," रेनाटा म्हणाली. "मी तुला नको म्हटलं, ते चुकलंच माझं. मला तू हवा आहेस, एमेट. माझ्या शेजारी."

त्याने सीटकडे पाहिलं. घसा खाकरला. "ही फार वाईट जागी ठेवलीस. वजन वर जातं. शेवटच्या वळणावर डुललीस ती..."

"माहीत आहे."

"थाळ्याच ठेवल्या असत्यास तर चषक..."

"माहीत आहे रे! किती शिकवशील? बसतोस का नाही?"

मोसमाचा शेवटचा दिवस म्हणून संध्याकाळीही घरच्यांची फेरी होती. एमेट हेल्मेट घालून, पट्टे आवळून शेजारी बसला. कुंपणापाशी बाबा दोन्ही हात वर करून ओरडत होते. काय ते इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही, पण शेजारच्या बायका हसत होत्या.

"तुझं वजन किती?" रेनाटाने विचारलं.

"एकशे ऐंशी."

"अरे देवा."

"उतरू?"

"हलून तर बघ."

उतरतं ऊन, कडेची मेपलची झाडं नुकती लाल व्हायला लागलेली. पुढची गाडी केव्हाच दिसेनाशी झाली होती. पाचवं वळण जवळ आलं, आणि जुन्या सवयीने रेनाटाचे खांदे आखडले. आता ओरडेल... शेजारी बसलेला माणूस इथेच ओरडतो.

"रेनाटा..."

"काय?" तिचा पाय ब्रेककडे निघालाही होता.

"आणखी थोडी पळवलीस तरी चालेल."

तिने वळून त्याच्याकडे पाहिलं. तो घाबरलेला नव्हता. तो हसत होता, पहिल्या दिवशी काट्यापाशी हसला होता तसाच गोड. आणि या वेळी वाईट बातमी कुठलीच नव्हती.

रेनाटाने पाय ब्रेककडून मागे घेतला आणि ॲक्सिलरेटर दाबला.